पाट्या, पेट्या आणि रमलेलं मन

(स्मृती व्याख्यानमालेत द्वारका, नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा एक तरुण पोटासाठी मुंबईला गेला. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहू लागला. एक दिवस कुणीतरी त्याच्यापुढे पत्र धरलं आणि म्हणालं, एवढं वाचून दाखव. त्याला वाचता येत नव्हतं. माणूस पत्र घेऊन दुसरीकडे गेला आणि या तरुणाला रडू कोसळलं. पुढे देहलवी नावाच्या मास्तरांकडून तो मुळाक्षरं शिकला. उरलेली शाळा त्यानं रस्त्यावर केली. येता-जाता दुकानांच्या पाट्या वाचायच्या आणि त्यांतून जोडाक्षरं सोडवायची. 1943 साली त्यानं पहिलं गाणं रचलं. तो तरुण म्हणजे वामनदादा कर्डक. 2004 साली ते गेले, तोवर त्यांची गाणी महाराष्ट्रातल्या वस्त्या-वस्त्यांत तोंडपाठ झाली होती.

संयोजकांनी मला विषय दिला तो जोडविषय आहे. माणसाला आनंद कशानं होतो, आणि वाचताना मनाचं काय होतं. पहिल्या भागावर बोलायला ऋषी-मुनी लागतात, दुसऱ्यावर मेंदूचे डॉक्टर. मी दोन्ही नाही. पण वामनदादांच्या या प्रसंगात दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात म्हणून तिथून सुरुवात केली. ते रडले ते पत्रातल्या मजकुरासाठी नव्हे, त्यांना मजकूर ठाऊकच नव्हता. आणि पाट्या वाचताना त्यांना जो आनंद झाला असेल, तो पाटीवर काही आनंदाची बातमी होती म्हणून झाला नसेल. ‘किराणा व भुसार मालाचे व्यापारी’ यात आनंदाचं काय आहे? तरीही ‘व्या’ हे अक्षर पहिल्यांदा सुटलं त्या क्षणी काय वाटलं असेल याची कल्पना इथल्या प्रत्येकाला करता येईल, कारण तो क्षण आपणही लहानपणी जगलो आणि विसरून गेलो.

तो क्षण प्रौढपणी आला तर मेंदूत काय घडतं, हे तपासण्याचा एक सुंदर प्रयत्न आपल्याच देशात, आपल्याच लिपीवर झाला. लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या आसपासच्या निरक्षर लोकांना, त्यात बहुतेक बायका होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं. शिकवण्याआधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बदल मेंदूच्या वरच्या पापुद्र्यात दिसेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो खोलवर, थॅलॅमस हा आतला भाग आणि मेंदूचा देठ इथपर्यंत पोहोचलेला आढळला. म्हणजे नजर कुठे वळवायची, काय आत घ्यायचं आणि काय वगळायचं, ही जी जुनी यंत्रणा, तिच्याशीच अक्षरांनी संधान बांधलं. तिशीत, सहा महिन्यांत. ‘आता या वयात काय शिकणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी हा अभ्यास मी खिशात ठेवतो.

लक्षात घ्या, वाचनासाठी मेंदूत जन्मतः वेगळी जागा नाही. बोलणं माणसाच्या जातीत फार जुनं. लिहिणं-वाचणं पाचेक हजार वर्षांचं. एवढ्या थोड्या काळात निसर्ग नवा अवयव घडवत नाही. स्तानिस्लास दहान या फ्रेंच शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की चेहरे, वस्तू, आकार ओळखणारा डाव्या बाजूचा एक भाग आपण अक्षरांच्या कामाला लावतो. म्हणजे प्रत्येक वाचक हा थोडा अतिक्रमण करणाराच. द्वारका चौकातल्या लोकांना अतिक्रमण समजावून सांगायला नको!

आणि डोळे? आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरळ धावते. तसं नाही. नजर उड्या मारते. एका ठिकाणी साधारण पाव सेकंद थांबते, मग काही अक्षरं ओलांडून पुढे जाते, अधूनमधून मागे येते. उडीच्या वेळी आपण जवळजवळ आंधळे असतो. देवनागरीत तर ऱ्हस्व इकार आधी दिसतो आणि नंतर ऐकू येतो. तरी दुसरीतलं पोर ‘किती’ वाचताना अडखळत नाही. हे तुकडे आपण आत जोडतो, त्यांना आवाज देतो, आवाजाला अर्थ देतो, आणि अर्थाला देह. देह हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. 2004 साली केंब्रिजमध्ये असं दिसलं, की लाथ मारणं, उचलणं, चाटणं अशा अर्थाचे शब्द नुसते मुकाट्यानं वाचले तरी अनुक्रमे पाय, हात आणि तोंड हलवणाऱ्या मेंदूच्या भागांत किंवा त्यांच्या लगत हालचाल होते. कादंबरीत कुणी जिना चढतं तेव्हा तुमच्यातही थोडंसं कुणीतरी चढत असतं.

एवढं सगळं काम वाचक करतो. चित्रपटात चेहरा दिग्दर्शक देतो, आवाज नट देतो. पुस्तकात नायिकेचं नाक तुम्हाला स्वतः घडवावं लागतं, आणि एकदा घडवलं की त्या कादंबरीवर निघालेला कुठलाही सिनेमा पटत नाही. मला वाटतं वाचनाच्या आनंदाचं मूळ इथं आहे: मनाला त्याच्या ताकदीचं, त्याला पुरेल एवढं काम मिळतं.

याच्या उलट बाजूनं पाहू. हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 साली एक साधी युक्ती केली. 2250 माणसांच्या फोनवर दिवसातून केव्हाही प्रश्न पाठवायचा: आत्ता काय करताय, मन त्यात आहे की दुसरीकडे, आणि कसं वाटतंय? जवळजवळ 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतंच. आणि भटकलेलं मन एकूणात कमी सुखी होतं. वाईट गोष्टींकडे भटकलं तर दुःखी, हे कुणीही सांगेल. गंमत अशी, की सुखाच्या गोष्टींकडे भटकलं तरी ते हातातल्या कामात असलेल्या मनापेक्षा जास्त सुखी नव्हतं. भांडी घासताना महाबळेश्वरची स्वप्नं पाहणारा, भांडी मन लावून घासणाऱ्याच्या पुढे काही जात नाही. आपल्या संतांना यात नवीन काही वाटलं नसतं. पण फोनवर उत्तरं घेऊन सांगितलं की आपण जरा लवकर ऐकतो.

मग पुस्तक उघडलं की मन भटकायचं थांबतं का? मुळीच नाही. डोळे पान उतरून गेलेत आणि मन दुधाच्या हिशोबात, हा अनुभव नसलेला वाचक मला दाखवा. फरक इतकाच, की पुस्तकात ते पकडलं जातं. पान उलटलं आणि काही कळलं नाही, की आपण मागे येतो. असं परत परत मागे येत येत केव्हातरी मन रमतं. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक, गुराखी अशा कितीतरी माणसांना विचारलं, की वेळेचं भान हरपावं असं तुम्ही कशात रमता. काम आपल्या कुवतीहून फार सोपंही नको, फार अवघडही नको, हे त्याला सगळीकडे सापडलं. 1990 च्या त्याच्या पुस्तकात तो म्हणतो, की जगभर अशा तल्लीनतेसाठी लोक ज्या गोष्टींची नावं घेतात त्यांत वाचनाचं नाव बहुधा सगळ्यांत जास्त वेळा येतं.

फार सोपं नको, फार अवघड नको, हे वाक्य मला शाळांच्या वाचनालयात टांगावंसं वाटतं. नववीतल्या मुलाला एकदम ज्ञानेश्वरी द्यायची, आणि ती पेलली नाही की ‘मुलं वाचत नाहीत’ म्हणायचं, हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे. बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांवर नाकं मुरडणाऱ्या पिढीनं त्याच रहस्यकथा चादरीखाली वाचून वाचनाची सवय लावून घेतली होती. हे मी ज्येष्ठांच्या सभेत बोलतोय, तेव्हा इथे हसणारे चेहरे कोण कोण आहेत ते मला दिसतंय.

मात्र वाचनाची जाहिरात औषधासारखी करू नये, असंही माझं मत आहे. अमुक मिनिटं वाचलं की तणाव तमुक टक्के घटतो, असे संदेश सकाळी सकाळी येतात. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला, की चांगल्या साहित्याचा छोटा उतारा वाचला तरी दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची क्षमता वाढते. सगळ्या साहित्यप्रेमींनी तो डोक्यावर घेतला. नंतर इतरांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा परिणाम काही दिसला नाही. आपण हिरमुसलो; खरं तर हिरमुसण्याचं कारण नव्हतं. एका उताऱ्यानं माणूस सुधारत असता तर समीक्षक मंडळी केवढी प्रेमळ असती.

आणि आनंदासाठी वाचायचं म्हणजे आनंदी पुस्तकंच वाचायची असंही नाही. आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण घेऊ. लक्ष्मीबाई टिळक, जन्म इथून जवळच्या जलालपूरचा. लहानपणी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवऱ्यामुळे, नारायण वामन टिळकांमुळे, त्या लिहा-वाचायला शिकल्या. 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा संसार दुभंगला, काही वर्षांनी पुन्हा जुळला. दारिद्र्य होतं, पोरकेपण होतं, प्लेगच्या छावणीतली शुश्रूषा होती. हे सगळं ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि वाचणारा पानोपानी हसतो. सासऱ्यांचा विक्षिप्तपणा, टिळकांचा हातात पैसा न टिकणारा स्वभाव, स्वतःची फजिती, सगळं त्या अशा सांगतात जणू शेजारच्या बाईचं सांगतायत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं मराठीतलं बहुधा सर्वांत देखणं आत्मचरित्र लिहिलं. 1936 साली त्या नाशिकलाच गेल्या.

दुसरं टोक बाबूराव बागुल. विहितगावचे. त्यांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे कथांचं पुस्तक 1963 साली आलं. त्यात हसायला जागा नाही. ते वाचून रात्री झोप लागत नाही, आणि तरी ते खाली ठेवता येत नाही. याला सुख म्हणायचं का? मी म्हणेन. सुख म्हणजे गोड वाटणं, एवढाच अर्थ घेतला तर नाही. पण मन पूर्णपणे कुठेतरी असणं, आपल्या गल्लीत राहूनही जे दिसलं नव्हतं ते दिसणं, याची जी भूक माणसाला असते ती भागणं, हे सुखच आहे. विहितगाव इथून किती लांब? रिक्षानं जाता येतं. आणि तिथल्या माणसाच्या छातीत काय चाललंय ते कळायला कित्येकांना पुस्तक लागलं.

वाचन एकांतात होतं असं आपण गृहीत धरतो. पण एकांतात वाचायची ही सवय अलीकडची आहे. श्रावणात पोथी लागायची तेव्हा एक वाचायचा आणि वीस जण ऐकायचे. अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही, हा नियम. ऐकणाऱ्यांत निम्म्यांना अक्षरओळख नसे, पण पांडवप्रतापातलं कोण कुठे मेलं ते वाचणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त पाठ. ज्यांच्या स्मृतीत ही व्याख्यानमाला आहे ते आमचे गुरुजीही वर्गात हेच करत. शेवटच्या तासाला पुस्तक काढायचे, वाचून दाखवायचे, आणि ऐन रंगात आलं की मिटायचे. ‘पुढचं ज्याला पाहिजे त्यानं कपाटातून घ्यावं.’ कपाटाला कुलूप नसायचं. पुस्तकं हरवायची. मुख्याध्यापक ओरडायचे. गुरुजी म्हणायचे, चोरीला गेलं म्हणजे वाचलं गेलं.

सातासमुद्रापलीकडे क्यूबामध्ये चिरूट वळणाऱ्या कामगारांनी 1865 पासून एक प्रथा पाडली. कारखान्यात उंच चौथऱ्यावर एक वाचक बसायचा आणि वर्तमानपत्र, मग कादंबरी मोठ्यानं वाचायचा. त्याचा पगार कामगार आपल्या कमाईतून वर्गणी काढून द्यायचे. अलेक्झांडर द्यूमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ त्यांना इतकी आवडली, की एका चिरुटाचं नाव मॉन्टेक्रिस्टो पडलं. हे वाचलं तेव्हा मला सिन्नरच्या बिड्या वळणाऱ्या बाया आठवल्या. हात कामात, कान मोकळे. तिथं कुणी वाचून दाखवलं असतं तर? अजूनही कुणी दाखवू शकेल.

मुद्दा असा, की पुस्तक माणसापर्यंत कुणीतरी आणावं लागतं. वामनदादांना देहलवी मास्तर लागले, लक्ष्मीबाईंना टिळक, क्यूबाच्या कामगारांना चौथऱ्यावरचा तो वाचक. या बाबतीत नाशिक नशीबवान. आपलं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं. रत्नागिरीचं 1828 चं, म्हणजे आपल्याहून थोडंच मोठं. 1857 च्या आधीपासून या गावात वाचनालय आहे. पण वाचनालयाला उंबरठा असतो. तो ओलांडायला वेळ लागतो, अनामत रक्कम लागते, आणि आत गेल्यावर ‘आपण इथले आहोत’ असं वाटावं लागतं. हे शेवटचं सगळ्यांत महाग.

2009 साली कुसुमाग्रज प्रतिष्ठानकडून विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं तेव्हा त्यांनी हा उंबरठाच काढून टाकला. एक पेटी, तिच्यात 25 पुस्तकं. पेटी एखाद्या सोसायटीतल्या, गल्लीतल्या, कचेरीतल्या माणसाकडे ठेवायची. आजूबाजूच्यांनी तिथून पुस्तकं न्यायची. काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे आणि दुसरी पेटी यांच्याकडे. पैसा लोकांचा. कुणी वाढदिवसाला देतं, कुणी आई-वडिलांच्या स्मरणार्थ. यात संगणकप्रणाली नाही, इमारत नाही, ग्रंथपालाची भरती नाही. पेट्या कारागृहांत गेल्या, दुबईतल्या मराठी घरांत गेल्या, पुढे आणखी कितीतरी देशांत गेल्या. युक्ती एवढी साधी की ती दीडशे वर्षं कुणाला का सुचली नाही, असं वाटावं. त्यात एक हुशारी आहे जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पंचवीसच पुस्तकं. हजार पुस्तकांपुढे नवा वाचक गोंधळतो आणि रिकाम्या हातानं परततो; पंचविसांतलं एक तो उचलतोच. शिवाय शेजारणीनं तेच वाचलेलं असतं, म्हणजे जिन्यात बोलायला विषय मिळतो. माणसाच्या सुखाविषयी हार्वर्डमध्येच 1938 पासून चालू असलेला जो दीर्घ अभ्यास आहे, त्याचं सार माणसांच्या नात्यांपाशी येऊन थांबतं. पेटी हे दोन्ही एकदम साधते. मन एकट्यानं रमतं, आणि नंतर त्याविषयी बोलायला कुणीतरी असतं.

आता आपला हा द्वारका चौक. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन रस्ते इथं एकमेकांना मिळतात. डोक्यावर उड्डाणपूल, पायाखाली पादचारी टाळतात तो भुयारी मार्ग, मध्ये आपण. पुण्याच्या गाडीची वाट पाहणारे, माल उतरायची वाट पाहणारे, गॅरेजमध्ये गाडी देऊन बाकड्यावर बसलेले; या चौकात वाट पाहण्यात जितके तास जातात तितके नाशिकच्या सगळ्या वाचनालयांत मिळून जात नसतील. हे गणित मी केलेलं नाही, पण पैज लावायला तयार आहे. आणि ती माणसं वाचत नाहीत असंही नाही. हातात फोन आहे, त्यावर अक्षरंच आहेत. फोनला शिव्या घालणं ही व्याख्यात्यांची आवडती सोय. मी ती घेणार नाही, कारण मी स्वतः फोनवर कादंबऱ्या वाचतो. अडचण अक्षरांची नाही, तुकड्यांची आहे. मन बसायला लागलं की तुकडा संपतो.

म्हणून आजच्या संयोजकांना माझी मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या व्याख्यात्याच्या मानधनाची रक्कम, आणि माझीही, एका पेटीत घाला. ती पेटी वाचनालयात नको, शाळेत नको. द्वारकेवरच्या एखाद्या ट्रान्सपोर्टच्या कचेरीत किंवा टायरच्या दुकानात ठेवा, जिथं बाकडं आहे आणि माणसाला दोन तास थांबावंच लागतं. पुस्तक घेऊन कुणी ट्रकमध्ये बसला आणि इंदूरला गेला तर जाऊ द्या. गुरुजींचा नियम तुम्हाला ठाऊक आहे.

यादीवर मात्र आपण भांडू. माझ्याकडून तीन नावं नक्की: ‘स्मृतिचित्रे’, बागुलांच्या कथा, आणि वामनदादांची गाणी. दोन अर्णाळकर, न लाजता. कुसुमाग्रजांचं एखादं, पण नाटक घ्या; चौघांनी मिळून मोठ्यानं वाचता येतं. मोटार दुरुस्तीचं एक चांगलं, चित्रांचं. लहान मुलांची चार, कारण क्लीनरबरोबर कधी पोरगंही असतं. हिंदी किती? इथले निम्मे ट्रकवाले उत्तरेचे, आणि चौकाच्या आसपास उर्दू वाचणारी घरंही आहेत. कार्यवाह म्हणतात, चार हिंदी पुरे. मी म्हणतो आठ हिंदी आणि दोन उर्दू, त्यातली निम्मी प्रेमचंदांची. यावर इथेच मतदान घ्यायला माझी हरकत नाही. चहा यायला अजून वेळ आहे असं मला सांगण्यात आलं आहे.